गिअर धरायला माणूस

डॉक्टरीणबाईंच्या जीपला खोडी किती, असं कुणी विचारलं की मास्तर म्हणत, "खोडी मोजत बसू नका. बिनखोडीचं काय आहे ते विचारा, लवकर संपेल. स्टेपनी बरी आहे."

मास्तर म्हणजे डॉक्टरीणबाईंचे यजमान. जन्मभर शाळेत गणित शिकवलं, आता निवृत्त. डॉक्टरीणबाई जनावरांच्या डॉक्टर. निवृत्तीचं वय त्यांच्याही दारात येऊन गेलं होतं, पण त्यांनी त्याला आत घेतलं नव्हतं. गावामागे उंचावर एक पठार होतं. पठारावर गाई पाळणाऱ्यांची वस्ती, त्यांचं दूध केंद्र, आणि तिथे जाणारा रस्ता एकच. रस्ता आपला म्हणायचा. खाली ओढा, मग दगडधोंडे, मग अंगावर येणारा चढ, आणि चढावर अशी वळणं की समोरून गाय आली तर मागे कुणी जायचं यावर चर्चा करावी लागे. चर्चेत बहुतेक वेळा गाय जिंके. दुधाचा ट्रॅक्टर सोडला तर या वाटेला कुणी जात नसे. म्हणून ही जीप. रंग एकेकाळी हिरवा. नाव खेचर, कारण स्वभाव तोच. चढायला तयार, ऐकायला नाही.

खेचराचं स्टिअरिंग पाव फेरा फिरवलं तरी चाकांना त्याची खबर नसे. शिवाय गाडी कायम डावीकडे ओढायची, म्हणून डॉक्टरीणबाई ती कायम उजवीकडे ताणून धरत. ब्रेक पहिल्या दाबाला दाद देत नसे. दोनदा नुसता दाबायचा आणि तिसऱ्यांदा जीव खाऊन मारायचा, मग खेचर उपकार केल्यासारखं थांबे. शेजारच्या सीटचं दार दोन्ही हातांनी हिसका दिल्याशिवाय उघडत नसे. आणि या सगळ्यावर कडी म्हणजे दुसरा गिअर. पठारावरून उतरताना तो खट्कन निसटायचा आणि गाडी मोकाट सुटायची. त्यामुळे उतार लागला की डॉक्टरीणबाई रस्त्यावरची नजर न हलवता म्हणायच्या, "अहो, गिअर धरा." मग मास्तर गिअरच्या दांड्यावर हात ठेवून तो थेट ओढ्यापर्यंत दाबून धरायचे.

शाळा होती तेव्हा मास्तर फक्त सुटीच्या दिवशी जात. एरवी डॉक्टरीणबाई चामड्याच्या पट्ट्याने गिअर बांधून एकट्या उतरत. मास्तर निवृत्त झाले आणि त्यांच्यापाठोपाठ पट्टाही निवृत्त झाला. "पट्टा धरतो बरा," त्या म्हणाल्या होत्या, "पण बोलत नाही."

खरी गोष्ट तीच होती. घरात दोघं बोलत ते दूध उतू गेलं, चष्मा कुठे ठेवला, नळ कुणी उघडा टाकला, एवढंच. मनातलं बोलणं व्हायचं ते उतारावर, दुसऱ्या गिअरमध्ये. तिथे दोघांचे हात अडकलेले, नजरा रस्त्यावर, आणि रागावून स्वयंपाकघरात निघून जायची सोय नाही. लेकाला लांब पाठवावं की नाही, घर विकावं की राहू द्यावं, दोघांपैकी जो मागे राहील त्याने चहात साखर किती घालावी, हे सगळे निकाल त्या उतारावर लागले होते. जगात सगळ्यात आवडती जागा कोणती असं मास्तरांना विचारलं असतं, तर त्यांनी ती शेजारची फाटकी सीट दाखवली असती.

अशात पाना आली. डॉक्टरीणबाईंच्या बहिणीची मुलगी. लहानपणी बाहुली हातात दिली की तिचे हात स्क्रूने बसवलेत का ते बघायची, म्हणून पाना हे नाव पडलं ते कायमचं. मोठ्या शहरातल्या मोठ्या वर्कशॉपमध्ये हात काळे करून तिने आता इथे लाकडाच्या जुन्या वखारीत स्वतःचं गॅरेज टाकलं होतं. एकदा हौसेने ती दोघांबरोबर पठारावर गेली. जाताना मागच्या सीटवर गाणी म्हणत होती. येताना दुसऱ्याच वळणावर गाणं बंद पडलं. ओढ्याशी गाडी थांबल्यावर ती उतरली, गार पाणी तोंडावर मारलं आणि म्हणाली, "मावशी, ही गाडी तू चालवत नाहीस. ही गाडी दया करून तुम्हा दोघांना खाली आणून सोडते. चावी दे."

"कशाला?"

"उद्यापासून ही माझ्याकडे. मी सांगेन तेव्हा न्यायची."

डॉक्टरीणबाईंनी आयुष्यात भले भले बैल नमवले होते, पण भाचीपुढे त्यांची मात्रा चालली नाही.

वखारीत अजून लाकडाच्या भुशाचा वास होता आणि त्यात आता ग्रीसची भर पडली होती. चाकं काढलेलं खेचर चार ओंडक्यांवर केविलवाणं उभं होतं. मास्तर रोज थर्मासमधून चहा घेऊन जात. चहा आपलं निमित्त, खरं म्हणजे त्यांना खेचराला भेटायचं असे. पाना गाडीखाली पाठीवर पडून एकेक वस्तू बाहेर सरकवी.

"काका, ही नळी कसली? डिझेलच्या लायनीत काय करत होती?"

मास्तरांनी चष्मा पुसून पाहिलं. "ही वासरांना दूध पाजायची. मूळची नळी फुटली ना, तेव्हा तुझ्या मावशीने ही बसवली."

"आणि या वायरला टाके?"

"टाकेच ते. गाईच्या पोटाला घालतात त्या दोऱ्याचे. नीट बघ, गाठसुद्धा डॉक्टरी आहे."

पाना एवढी हसली की तिला सरकत बाहेर यावं लागलं.

पण कामाला ती वाघीण होती. स्टिअरिंगचे झिजलेले सांधे बदलून तिने त्याला पॉवर स्टिअरिंग जोडलं. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक बसवले. धक्के झेलणारे पिचलेले पाटे काढून नवे घातले. टायर जाडजूड आले, पुढच्या बंपरवर चिखलातून ओढून काढणारा विंच आला, सीटना पट्टे आले. दाराच्या बिजागऱ्या नव्या झाल्या. आणि एके दिवशी तिने गिअरबॉक्स उघडून टेबलावर मांडला आणि दोन बोटांत धरून एक इवलीशी स्प्रिंग मास्तरांना दाखवली.

"हा बघा चोर. ही स्प्रिंग गिअरला जागेवर धरून ठेवते. हिच्यात जीवच उरला नव्हता, म्हणून दुसरा निसटायचा. आता नवी घातलीय, हत्तीने ओढला तरी निसटणार नाही. सुटलात काका! आता मावशी गाडी नेईल आणि तुम्ही घरी आरामात पेपर वाचा."

"वा वा," मास्तर म्हणाले, आणि चहा कपाबाहेर ओतत राहिले.

घरी जाताना त्यांना स्वतःचाच राग आला. बायकोच्या जिवावरचा धोका टळतोय आणि आपण एका स्प्रिंगवर रुसतोय, हे काही शहाण्याचं लक्षण नव्हे. पण वाईट वाटलं ते वाटलंच. निवृत्तीच्या दिवशी शाळेने घड्याळ तरी दिलं होतं.

शेवटी खेचर तयार झालं. अंगावर नवा हिरवा रंग, इंजिनाचा आवाज मऊ. मास्तरांनी सवयीने दाराला दोन्ही हातांनी हिसका दिला. दार बोट लावताच उघडणारं झालं होतं; ते सताड उघडलं आणि मास्तर मागे टायरच्या ढिगात जाऊन बसले. सगळे पोट धरून हसले. त्यात एक धडा होता, पण हसण्याच्या नादात तो कुणी घेतला नाही.

पाना म्हणाली, "मावशी, सगळं हलकं झालंय बरं का, सांभाळून," आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली. डॉक्टरीणबाई गाडीत बसल्या, पदर खोचला, पट्टा लावला आणि निघाल्या.

वखारीच्या फाटकातच खेचर उजवीकडे गेलं आणि पाण्याचा पिंप आडवा झाला. रस्त्यावर आल्यावर ते पुन्हा उजवीकडे गेलं. डॉक्टरीणबाईंनी डावीकडे घेतलं तर वाजवीपेक्षा फारच डावीकडे गेलं. पुढे एक सायकलवाला दिसला म्हणून त्यांनी ब्रेकवर पाय ठेवला, आणि गाडी अशी थांबली की मास्तरांचा चष्मा नाकावरून उडून काचेला भेटून आला. मास्तरांनी चष्मा उचलला, डोळे मिटले आणि मनातल्या मनात पाढे म्हणायला सुरुवात केली. डॉक्टरीणबाईंच्या कपाळावर घाम होता. गेल्या महिन्यात सुईत दोरा ओवताना त्यांचा अंगठा थरथरला होता. तेव्हा त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, पण आता तो अंगठा त्यांना आठवत होता.

चढ कसाबसा पार पडला. पण दूध केंद्राच्या अंगणात घोड्याने पेंड खाल्ली. तिथे दुधाचे धुतलेले कॅन उन्हात ओळीने उभे होते. डॉक्टरीणबाईंनी नेहमीसारखं आधीच पाव फेरा स्टिअरिंग फिरवून ठेवलं, आणि चाकं या वेळी पहिल्या इशाऱ्यालाच वळली. एकही कॅन उभा राहिला नाही. सगळे घणघणत उतारावरून सुटले, त्या आवाजाने गाई शेपट्या वर करून उधळल्या, आणि केंद्राचे सेक्रेटरी एका हातात चहा नि दुसऱ्या हातात छत्री घेऊन कॅनांच्या मागे पळाले.

सेक्रेटरी माणूस सज्जन. उन्हापावसात, घरातसुद्धा छत्री बाळगणारा. कॅन गोळा करून आल्यावर त्यांनी डॉक्टरीणबाईंना खुर्ची दिली. बऱ्याच कॅनांना पोचे आले होते, त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही.

"बाई, राग मानू नका," ते म्हणाले. "आमच्या गोठ्यातल्या निम्म्या गाई तुमच्या हातावर जन्मल्यात. तुम्हाला काही झालं तर आम्ही तोंड कुणाला दाखवायचं? पुढच्या सोमवारी लसी टोचायच्या आहेत ना, आम्हीच गाई खाली आणतो. तुम्ही ओढ्याशी खुर्ची टाकून बसा."

"गाभण गाईसुद्धा त्या उतारावरून आणणार?"

"आणू की हळूहळू."

ते इतक्या मायेने बोलले की डॉक्टरीणबाईंना उलट बोलता येईना. कुणी शिवी दिली असती तर त्यांनी सव्याज परत केली असती. मायेला काय उत्तर देणार?

त्यांनी चावी टेबलावर ठेवली. सेक्रेटरींनी फोन केला आणि पाना दुधाच्या ट्रॅक्टरवर बसून वर आली. तिने गाडी खालून पाहिली, वरून पाहिली, अंगणात गोल फिरवली, कॅनांच्या मधून नागमोडी नेली आणि जागच्या जागी उभी केली. एकही कॅन हलला नाही.

"गाडीत काही दोष नाही, मावशी," ती म्हणाली. ती गाड्या तपासणारी मुलगी, तिने गाडी तपासली. माणूस तपासायचं तिला सुचलंच नाही.

"तेच तर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "नाचता येईना अंगण वाकडं, असं म्हणायचीसुद्धा सोय राहिली नाही. तू अंगण सरळ करून दिलंस. म्हणजे माझा नाचच संपला." मग मास्तरांकडे न बघता त्या म्हणाल्या, "सोमवारी लसी टोचते आणि थांबते. खालच्या दवाखान्यात नवा डॉक्टर आलाय, त्याला सांगून टाकते."

गिअर निसटत नाही तेव्हा आपण घरी, एवढंच दुःख मास्तरांनी आतापर्यंत केलं होतं. डॉक्टरीणबाई घरी, हे त्यांच्या गणितात कधी आलंच नव्हतं. घरात ही बाई काय करेल? दूध उतू जाताना बघेल? हिचं पठार गेलं तर हिच्यातलं काय उरणार?

परत निघाले तेव्हा पाना चालवायला बसली. मास्तर शेजारी. डॉक्टरीणबाई खेचराच्या मागच्या सीटवर आयुष्यात पहिल्यांदा बसल्या, औषधांची पेटी मांडीवर घेऊन. पहिला उतार उतरून गाडी जरा सपाटीला लागली. पानाने क्लच दाबला आणि गिअर बदलायला गेली, पण गिअर हलेना. तिने जोर लावला. तरी हलेना.

"काका, हात!"

"कसला हात?"

"तुमचा हात! गिअर सोडा, मला बदलायचाय."

मास्तरांनी खाली पाहिलं. त्यांचा हात गिअरच्या दांड्यावर होता आणि बोटं पांढरी पडेपर्यंत तो दाबून धरत होता. तो त्यांनी ठेवला नव्हता. त्यांना कुणी 'अहो, गिअर धरा' म्हटलंही नव्हतं. उतार लागला आणि हात आपला आपण कामावर हजर झाला होता.

मास्तर हाताकडे बघत राहिले. त्यांना टायरचा ढीग आठवला, दार आठवलं, आणि ते एकदम खो खो हसायला लागले. पानाने घाबरून गाडी उभी केली.

"जित्याची खोड!" ते मागे वळून म्हणाले. "अगं, हा हात बघ. गिअर बरा झाला, पण हाताला कुणी सांगितलं? दार बरं झालं, मी हिसका दिला तसाच दिला. आणि तू? गाडी डावीकडे ओढतच नाही, तरी तू उजवीकडे ताणतेस. स्टिअरिंगला खेळ उरलेला नाही, तरी तू पाव फेरा आधी फिरवतेस. ब्रेक पहिल्या दाबाला लागतो, तू तीनदा मारतेस. आपण दोघं अजून जुन्या खेचरात बसलोय!"

डॉक्टरीणबाईंनी त्यांच्याकडे संशयाने पाहिलं. "मला बरं वाटावं म्हणून बोलताय तुम्ही."

"नापास पोराला बरं वाटावं म्हणून मी कधी पास केलं का?"

"नाही. त्या बाबतीत तुम्ही दुष्टच होता."

"मग झालं तर. चल, सिद्ध करून दाखवतो."

ओढ्याच्या काठाला वाळूचा रुंद सपाट पट्टा होता. तिथे मास्तरांनी डॉक्टरीणबाईंना पुन्हा स्टिअरिंगवर बसवलं, पहिल्या गिअरमध्ये गाडी हळू चालवायला लावली आणि म्हणाले, "आता स्टिअरिंग सोड."

"सोडू? ही गाडी?"

"सोड म्हणतो ना."

खेचराचं स्टिअरिंग डॉक्टरीणबाईंनी उभ्या आयुष्यात सोडलं नव्हतं. त्यांनी हात उचलले आणि देवावर भरवसा ठेवला. गाडी पट्टीने रेघ मारावी तशी सरळ गेली.

"आता धर."

त्यांनी धरलं, आणि गाडी उजवीकडे सरकली.

"सोड." गाडी सरळ. "धर." गाडी उजवीकडे. मग मास्तर गप्प झाले, कारण डॉक्टरीणबाई आता स्वतःच धरत होत्या आणि सोडत होत्या. शेवटी त्यांनी गाडी थांबवली आणि दोन्ही तळहात उलटेपालटे करून पाहिले.

"म्हणजे हात गेले नाहीत माझे?"

"गेले? अगं, इमानी आहेत ते. वाकड्या अंगणात तू जन्मभर नाचलीस आणि एकदाही पडली नाहीस. अंगण सरळ झाल्यावर पाय अडखळला, तर नाच कसा संपेल?"

पानाने कपाळावर हात मारून घेतला. "सगळी गाडी जुळवली मी, आणि चालवणारीला जुळवायचं राहिलं!"

डॉक्टरीणबाईंनी पदराने डोळे पुसले. "वाळू उडतेय," त्या म्हणाल्या. वारा पडलेला होता, पण दोघांनीही होकार दिला.

दुसऱ्या दिवसापासून वखारीमागच्या मोकळ्या जागेत शिकवणी सुरू झाली. सेक्रेटरींनी टाकून दिलेले पोचे आलेले कॅन पानाने आणून ओळीने मांडले. पाना शेजारी बसायची, मास्तर शिट्टी घेऊन कडेला उभे राहायचे. कॅन पडला की शिट्टी. पहिले दोन दिवस शिट्टी थांबलीच नाही. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, आणि हा तर वर्षानुवर्षांचा पीळ. डॉक्टरीणबाई चिडल्या, पानाला बोलल्या, कॅनांना बोलल्या, सगळ्यात जास्त शिट्टीला बोलल्या.

"विद्यार्थिनी हुशार, पण उद्धट," मास्तरांनी शेरा दिला. कित्येक वर्षांत त्यांना एवढी मजा आली नव्हती.

मग एका सकाळी डॉक्टरीणबाई गाडीत बसल्या आणि चालू न करताच बसून राहिल्या.

"काय झालं, मावशी?"

"गाईच्या पोटात आडवं वासरू असतं ना, तेव्हा मी जोर करत नाही. बोटांनी नुसतं विचारते, तू कुणीकडे आहेस बाबा? ते सांगतं मग." त्यांनी स्टिअरिंग मुठीतून सोडलं आणि बोटांच्या टोकांनी धरलं. "आतापर्यंत मी खेचराशी भांडत होते. आता ते भांडतच नाही. एकटं माणूस किती भांडणार?"

त्या दिवशी एकच कॅन पडला, आणि तोही, त्यांच्या मते, आधीपासून डगमगत होता. शनिवारपर्यंत मास्तरांनी शिट्टी खिशात घातली.

सोमवारी सकाळी मास्तर खुर्चीत पेपर उघडून बसले. पेपर उलटा नव्हता, पण ते वाचतही नव्हते. बायकोला पठार परत मिळालं याचा त्यांना मनापासून आनंद होता. फक्त त्या आनंदाच्या एका कोपऱ्यात ती इवलीशी स्प्रिंग टोचत होती.

"अहो, बसलात काय? गाई उतरायच्या आत वर पोचायचंय."

"आता माझं काय काम? गिअरला पट्टासुद्धा नको तुला."

"लसींची पेटी कोण धरणार?"

म्हणजे गिअरवरून पेटीवर बदली झाली, असं मास्तर मनात म्हणाले. पण चपला त्यांनी एवढ्या घाईने घातल्या की डावी उजव्या पायात गेली. पाना मागे चढून बसली, स्वतःचं काम डोळ्यांनी बघायला.

ओढा झाला, दगडधोंडे झाले, चढ लागला. खेचर लोण्यासारखं चढत होतं. पण सेक्रेटरींचा उत्साह दांडगा. ते ठरल्या वेळेच्या आधीच निघाले होते. मधल्या अरुंद वळणावर अचानक समोर गाई. पुढे दिवस भरत आलेली गाभण गाय, तिच्यामागे आख्खा कळप, आणि मध्येच छत्री.

मास्तरांचे डोळे सवयीने मिटले. धक्का आला नाही. त्यांनी एक डोळा उघडला. डॉक्टरीणबाईंनी पाय एकदाच, अलगद ठेवला होता. गाडी उभी होती आणि गाय बॉनेटवरचा नवा रंग हुंगत होती.

"बाई? तुम्ही?" सेक्रेटरी छत्रीमागून ओरडले. "हॉर्न नाही, खडखडाट नाही! पूर्वी तुम्ही ओढ्याशी असताना आवाज यायचा, तेव्हा आम्ही चहा टाकायचो!"

आता मागे कुणी जायचं? गाभण गाईला त्या वळणावर उलटं फिरवणं म्हणजे तिला दरीत ढकलणं. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला खोल उतार. मागच्या वळणाला रुंद जागा होती, पण तिथवर गाडी उलटी न्यायची होती.

"मावशी, मी घेऊ का?" पाना हळूच म्हणाली.

"बस जागेवर."

डॉक्टरीणबाईंनी मान मागे वळवली आणि बोटांच्या टोकांनी स्टिअरिंगला विचारायला सुरुवात केली. खेचर तसूतसूने मागे सरकलं. एका ठिकाणी मास्तरांना खिडकीतून रस्ता दिसेनासा झाला, नुसती हवा दिसली. ओठ त्यांनी घट्ट मिटून ठेवले. बोलायची ही वेळ नव्हती. मग चाकांखाली पुन्हा माती लागली, आणि गाडी रुंद जागेत कड्याला लागून नीट उभी राहिली.

गाई खाली त्या रुंद जागेत आल्या. डॉक्टरीणबाईंनी तिथेच बॉनेटवर पेटी उघडली, एकेकीला टोचलं आणि वर परत पाठवलं. सेक्रेटरी छत्री धरून शेजारी उभे राहिले. पेटीवर सावली हवी म्हणून त्या छत्रीचा पहिल्यांदाच कुणाला तरी उपयोग झाला.

"पुढच्या महिन्यात मग, बाई?" त्यांनी चाचरत विचारलं. "गाई खाली...?"

"गाई जिथल्या तिथे राहतील. मी वर येईन. ओढ्याशी हॉर्न वाजवते, तुम्ही चहा टाका."

सेक्रेटरी एवढे खूश झाले की छत्री मिटायला विसरले आणि तशीच उघडी घेऊन कळपामागे गेले.

उरलेल्या वासरांसाठी तिघं वर गेली आणि काम उरकून परत निघाली. वासरांच्या मागे धावून दमलेली पाना मागच्या सीटवर मुटकुळं करून झोपून गेली. उतार लागला. डॉक्टरीणबाईंनी दुसरा गिअर टाकला. तो बसला तो बसलाच, खट् नाही की खुट् नाही. मास्तर रिकामी पेटी मांडीवर घेऊन खिडकीबाहेर बघत बसले. पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं. गाडीत कुणी बोललं नाही.

"अहो," डॉक्टरीणबाई रस्त्यावरची नजर न हलवता म्हणाल्या, "गिअर धरा."

"अगं, आता निसटत नाही तो. हत्तीने ओढला तरी..."

"माहीत आहे मला. धरा."

मास्तरांनी पेटी पायाशी ठेवली आणि हात गिअरवर ठेवला.

"हं," त्या म्हणाल्या. "आता बोला. चहात साखर किती, तो तुमचा निकाल मला मान्य नाही."